आमच्या घराण्याची फडणिशी

वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दर्भाचे पवित्रक बोटात अडकवून आणि जानवे अपसव्य करून मी पाटावर बसलो असता, गुरुजींनी आपल्या सराईत स्वरात ‘पित्याचे नाव?’ असे विचारले आणि मी ते सांगितले, ‘पितामहाचे?’ असे विचारले आणि मी तेही सांगितले, परंतु ‘प्रपितामहाचे?’ या तिसऱ्या प्रश्नापाशी माझी जीभ जी अडखळली ती काही केल्या पुढे सरकेना. मागल्या वर्षी मी काय सांगितले होते हे गुरुजींच्या ध्यानात असण्याचा संभव नव्हता आणि माझ्या ध्यानात असते तर हा प्रसंगच ओढवला नसता. गोत्राचा विसर पडल्यास काश्यप म्हणावे ही शास्त्राची सवलत मला ऐकून ठाऊक होती. नावाच्या बाबतीतली सवलत गुरुजींनी स्वतःच्या अधिकारात दिली. ‘विनायक म्हणा,’ ते म्हणाले, ‘बहुतेक घरांत एखादा विनायक असतोच.’ त्याप्रमाणे विनायकाच्या नावाने तिसरा पिंड पडला, कावळाही विनातक्रार शिवला, आणि आपण हे अन्न दुसऱ्याच कोणाच्या पणजोबांना तर पोचते केले नाही ना, या शंकेने मला त्या दिवशीची खीर गोड लागली नाही.

पूर्वजांच्या शोधाचे व्यसन मला लागले ते असे. हे व्यसन साधारणतः पेन्शनीबरोबर सुरू होते, आणि ते लागलेला माणूस पहिल्या महिन्यात एक जाड वही, दुसऱ्या महिन्यात एक भिंग आणि तिसऱ्या महिन्यात सगळ्या नातेवाइकांचा रोष संपादन करतो, हे आता अनुभवाने सांगतो.

घराण्याची म्हणून जी काही माहिती घरात चालत आली होती तिचा सारांश एका वाक्यात सांगण्यासारखा होता : आमचे मूळपुरुष कोकणातून घाट चढून देशावर आले, पेशव्यांच्या फडात फडणिसीच्या कामावर लागले आणि भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत जाऊन पानिपतावर पडले. पानिपतावर पडलेला पूर्वज ज्या ज्या मराठी घरांत सांगितला जातो त्या सर्व घरांची शिरगणती कोणी केली, तर इतक्या लोकांपुढे अब्दालीला ती लढाई जिंकता आलीच कशी, असा नवाच प्रश्न इतिहासापुढे उभा राहील. परंतु आपले घर सोडून इतरांच्या बाबतीत शंका घ्यावी हा संशोधनाचा पहिला नियम मीही पाळत असे. शिवाय आमच्याकडे पुरावा होता. एक तलवार होती, जिचे पाते नारळ सोलण्याच्या कामी अधिक शोभले असते, आणि लाल फडक्यात बांधलेला एक मोडी कागद होता. हा कागद म्हणजे साक्षात पेशव्यांची सनद, अशी समजूत असल्यामुळे तो कोणी कधी वाचला नव्हता. दरवर्षी दसऱ्याला तलवारीशेजारी पाटावर मांडून त्याला हळदकुंकू आणि अक्षता वाहण्यात येत, आणि शेदीडशे दसऱ्यांच्या भक्तीचा परिणाम होऊन त्याच्या वरच्या चार ओळी कुंकवाखाली कायमच्या समाधिस्थ झाल्या होत्या.

कागदाला हात घालण्यापूर्वी माणसे गाठावीत म्हणून मी प्रथम आत्याबाईंकडे गेलो. आत्याबाईंचे वय शहाऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, पण स्मरण असे की आपल्या लग्नात कोणत्या पंक्तीला जिलबी कमी पडली हे त्या अद्याप सांगू शकतात. त्या पडवीत वाल सोलीत बसल्या होत्या. भिजून मोड आलेला वाल दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, किंचित दाबायचा, की साल एकीकडे आणि डाळिंबी टपकन पातेल्यात. या लयीत खंड न पाडता त्यांनी मला सात पिढ्या सांगितल्या. अडचण एवढीच की त्या सात पिढ्यांत एकाही पुरुषाला नाव नव्हते. ‘मोठे तात्या, मग मधले तात्या, मग ते पळून गेलेले तात्या. त्यांच्या पाठचे अण्णा. ते नव्हे, हे खोकणारे अण्णा.’ मी लेखणी सरसावून ‘पळून गेलेल्या तात्यांचे खरे नाव काय?’ असे विचारले, तेव्हा हातातला वाल तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘अरे, वाडवडिलांचं नाव कोण घेईल? आणि पळून गेलेल्या माणसाचं नाव विचारतोस कशाला, तो का तुला हाक मारल्यावर येणार आहे?’

मात्र बायकांची माहिती आत्याबाईंपाशी तपशीलवार निघाली. अमकीच्या हातच्या मेतकुटाला तोड नव्हती. तमकी नवऱ्यावर रुसली की विहिरीच्या काठावर जाऊन बसे, पण पाय आत सोडून नव्हे. तिसरीने दोन दुष्काळांत घर तगवले आणि मरताना कुणाला न सांगता पुरलेला हंडा अजून सापडायचा आहे. या बायांपैकी एकीचेही नाव माझ्याजवळच्या छापील कुलवृत्तांतात नव्हते. आपल्याकडे कुलवृत्तांत काढणारी मंडळी फार कष्टाळू असतात. गावोगाव पत्रे पाठवून, वर्गणी मागून आणि उत्तर न देणाऱ्या शाखांना प्रस्तावनेत टोमणे मारून ती हजार हजार पानांचे ग्रंथ सिद्ध करतात. पण त्या ग्रंथांत पुरुषाची शाळा, नोकरी, पगार आणि प्रसंगी दम्याचा विकारही नोंदलेला असतो आणि त्याखाली ‘चार कन्या’ एवढ्या दोन शब्दांत चार आयुष्ये आटोपलेली असतात. ज्या बाईचे नाव येते तिची दोन येतात, एक माहेरचे आणि एक सासरचे. तेव्हा यमुना बुडाली केव्हा आणि सरस्वती वर आली केव्हा, याचा पत्ता संशोधकाने लावावयाचा. हा प्रकार मी घरी बोलून दाखवला तेव्हा आमच्या कुटुंबाने विचारले की दहा पिढ्या मागे गेले तर एकंदर पूर्वज किती होतात. मी हिशेब केला. दुपटीदुपटीने जाता दहाव्या पिढीत १०२४ होतात. ‘आणि तुम्ही शोधताय किती?’ मी एक म्हणालो. ‘मग उरलेल्या १०२३ जणांनी तुमचं काय घोडं मारलंय?’ असे विचारून ती आत गेली, आणि या प्रश्नाचे उत्तर मला आजपर्यंत सुचलेले नाही.

त्या एकाचा शोधही सोपा नव्हता, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत कितीही हृद्य असली तरी ती संशोधकाच्या मुळावर येणारी आहे. आमच्या घराण्यात पाळण्यात ठेवण्यासाठी दोनच नावे होती आणि ती आळीपाळीने वापरण्यात येत. रामचंद्र विनायक, त्याचा विनायक रामचंद्र, त्याचा पुन्हा रामचंद्र विनायक, अशी ही शिडी खाली किती पायऱ्या गेली आहे हे वरून पाहणाराला कळत नाही. आणि प्रत्येक पिढीत चुलत्यांनाही तोच हक्क असल्यामुळे एकाच वाड्यात एकाच वेळी तीन विनायक नांदल्याचे दाखले आहेत. माझ्या पहिल्या वहीप्रमाणे एका विनायकाचा जन्म त्याच्या मुंजीनंतर अकरा वर्षांनी झाला होता. आडनावाची मदत होईल म्हणावे, तर जुन्या कागदांत ‘अमका बिन तमका’ एवढ्यावरच काम भागवलेले असते, आणि आडनाव आले तरी एका बापाचे दोन मुलगे, एक गावावरून ‘कर’ आणि दुसरा हुद्द्यावरून पोतनीस, असे दोन दिशांना चालते झालेले असतात.

या गोंधळातून मार्ग निघावा म्हणून मी नाशिकला गेलो. आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्या हे एक अजब खाते आहे. गंगेवर उतरलेल्या यात्रेकरूला प्रथम गाव आणि मग आडनाव विचारायचे, त्यावरून तो कोणत्या उपाध्यायांचा हे ठरवायचे, आणि त्याच्या बापाने, आजाने, पणज्याने त्याच घाटावर येऊन स्वहस्ते केलेली नोंद त्याच्या पुढ्यात उघडून ठेवायची, हा क्रम नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया अशा सर्व ठिकाणी पिढ्यान् पिढ्या चालू आहे. आमच्या उपाध्यायांनी माळ्यावरून एक लांबोडकी, आडवी उघडणारी चोपडी काढली, तिच्यावरची धूळ उपरण्याने झटकली आणि अर्ध्या घटकेच्या आत माझ्या पणजोबांच्या अक्षरावर बोट ठेवले. नाव विनायकच होते. गुरुजींचा अंदाज बरोबर निघाला आणि माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. पणजोबांचे ते बोरूने लिहिलेले जाडसर अक्षर पाहून माझे डोळेही किंचित ओलावले. उपाध्यायांनी मला पुरते गहिवरू दिले, आणि मग त्यांचे बोट नम्रपणे दोन ओळी खाली सरकले. तेथे पणजोबांनी लिहिले होते की गोदानाच्या संकल्पाचे पाच रुपये पुढील खेपेस देऊ. पुढील खेप माझी होती. मी पाच रुपये काढले. ‘व्याजाचं आम्ही बोलत नाही,’ उपाध्याय म्हणाले. तेव्हा मी आणखी काही काढले.

असाच दुसरा एक दफ्तरदार मी कोल्हापूरकडे एका मित्राच्या गावी पाहिला. हेळवी म्हणून जे लोक तिकडे आणि कर्नाटकात फिरतात, त्यांपैकी तो एक. बैल अंगणात उभा करून त्याने ओट्यावर बैठक मारली, आपली वही उघडली आणि मित्राच्या घराण्यातील पुरुष, त्यांची ठाणी आणि स्थलांतरे एका सुरात म्हणून दाखवली. मित्राची आई सुपात जोंधळे घेऊन दाराशी ऐकत उभी होती. वाचन संपल्यावर नुकत्याच जन्मलेल्या नातवाचे नाव त्याने विचारून वहीत चढवले, तेव्हा कोठे सूप रिते झाले. मी लोभाने माझे आडनाव सांगून ‘आमचेही बघा’ म्हटले. त्याने वही मिटली. ‘तुमचं घर आमच्याकडं नाही,’ तो म्हणाला. दोन पायल्या जोंधळ्यांसाठी त्याने मला पाहिजे तो मूळपुरुष दिला असता तर मी तो आनंदाने घेतला असता. पण त्याने तसे केले नाही, आणि त्या दिवसापासून छापील कुलवृत्तांतांतील पहिल्या प्रकरणांविषयी माझे मत किंचित बदलले आहे.

अखेर मी आमची सनद वाचण्याचा निश्चय केला आणि उतारवयात मोडीच्या वर्गाला जाऊन बसलो. मोडी ही लिपी वाचण्यासाठी नसून लिहिण्यासाठी आहे, असे माझे नम्र मत आहे. लिहिणाऱ्याची तीत फार सोय असते : आधी पानभर ओळी आखून घ्याव्यात, मग त्यांना अक्षरे लटकावीत जावे, हात उचलू नये, ऱ्हस्वदीर्घाची चिंता करू नये, शब्द कोठे संपतो हे वाचणाराने ठरवावे. कारकुनाचा हात जितका चालता तितके अक्षर वळणदार, आणि जितके वळणदार तितके अगम्य. तथापि सहा महिन्यांत मी अक्षर लावू लागलो आणि एके रात्री भिंग घेऊन कुंकवाच्या सीमेखालच्या पाचव्या ओळीला भिडलो. प्रथम काळ लागला. ‘सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’ : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळे त्यात हंगाम पाहून ५९९ किंवा ६०० मिळवावयाचे. मी मिळवले आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. १७६०–६१! पानिपताचे साल! आणि त्याखालच्याच ओळीत, थोडा भाग कसरीने खाल्लेला असला तरी स्वच्छ दिसणारा शब्द होता ‘फडणीस’.

पुढच्या तीन महिन्यांत मी जो धुमाकूळ घातला त्याचे वर्णन करण्यास आज लाज वाटते. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड छापला आणि पुढे ते २२ खंडांपर्यंत गेले; त्यांतले हाती लागले तेवढे मी चाळले. सरदेसायांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांच्या ४५ खंडांत एखाद्या कोपऱ्यात आमचा फडणीस उभा असेल म्हणून पान पान पाहिले. पुण्याच्या ज्या इमारतीत ते मूळ दफ्तर रुमालांत बांधून ठेवले आहे तिच्याकडे जाता येता मी घरच्यासारखा पाहू लागलो. खेरीज कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी मी एक टिपण पाठवून दिले, ज्यात ‘पेशव्यांच्या मुलुखगिरीत दफ्तराची सूत्रे सांभाळीत असता धारातीर्थी’ अशी शब्दयोजना होती, आणि सनदेसाठी सुताराकडे शिसवी चौकट सांगितली. चौकटीचे माप घेण्यापूर्वी एकदा जाणत्या नजरेखालून कागद जावा, एवढ्याच औपचारिक हेतूने मी तो एका वृद्ध मोडीवाचकांकडे नेला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि चहा निवेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ही सनद नव्हे. हा करीना आहे.’

‘पण फडणीस?’ मी विचारले.

‘कुठे आहे फडणीस?’

मी बोट दाखवले. त्यांनी पुन्हा पाहिले. ‘यातला तुमचा तो ड आहे ना, तो कसरीनं पाडलेलं भोक आहे. त्याच्या मागं काळी दौत सांडलीय. आणि मोडीत वेलांटी कशी फसवते हे तुम्हाला सांगायला नको. फ, ण, स. फणस.’

करीना म्हणजे वादी अगर प्रतिवादी याने आपल्या कज्जाची मुळापासून सांगितलेली हकिगत. आमच्या कागदाची हकिगत अशी होती की घरामागील गडग्यावर जो फणस आहे त्याचे मूळ आमच्या आगरात असून फांद्या भाऊबंदांच्या आगरावर गेल्या आहेत, आणि भाऊबंद फांद्यांच्या आधारे झाडाची निमी तक्षीम मागतात, हा सरासर जुलूम आहे. शेदीडशे वर्षे आम्ही हळदकुंकू वाहत होतो ते फणसाच्या वाटणीच्या तक्रारीला. मी सुताराकडे निरोप पाठवून चौकटीचे काम थांबवले. त्याने कापलेल्या लाकडाचे पैसे घेतले. कुलवृत्तांताच्या संपादकांना पत्र लिहिणे मात्र राहून गेले.

परंतु त्या कागदाने एक गोष्ट दिली, आणि ती कोणत्याही सनदेने दिली नसती. आपला हक्क सांगण्यासाठी वादीने आरंभच मुळापासून केला होता : मूळपुरुष अमका, त्याचे पुत्र दोन, थोरल्याचा वंश आम्ही, धाकट्याचा वंश हे. पाच पिढ्या नावानिशी, एकाही तात्याशिवाय. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आपल्या देशात वंशावळी राखल्या त्या भाऊबंदकीने. जे भाऊ गुण्यागोविंदाने नांदले, एका ताटात जेवले आणि एकमेकांची कर्जे मुकाट्याने फेडून मेले, त्यांचा कागदावर मागमूस नाही. जे बांधासाठी, पाटाच्या पाण्यासाठी, देवळातल्या मानाच्या विड्यासाठी हाडवैर धरून बसले ते महजरांत, निवाडपत्रांत आणि साक्षीदारांच्या जबान्यांत अमर झाले. इंग्रजांनी १८५२ सालच्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार देऊन प्रत्येक इनामदाराला ‘तुझे इनाम कशावरून?’ असा दरडावून प्रश्न केला, तेव्हा ज्यांना आजोबाचे नाव नीट येत नव्हते त्यांनीही रातोरात मूळपुरुष शोधून काढले. जमीन जाण्याचे भय नसते तर या रयतेने पितरांची आठवण पितृपक्षापलीकडे ठेवली असती असे वाटत नाही. याला मोठा अपवाद तंजावरच्या सरफोजीराजांचा, ज्यांनी १८०३ साली भोसले कुळाची सारी हकिगत बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतली. पण त्यांच्या हाताशी भिंतही तेवढी होती.

घरी या शोधाचे स्वागत वेगळ्या प्रकारे झाले. करीन्यातील धाकट्या पातीचा वंश अद्याप कोकणात त्याच गावी नांदत असल्याचे आणि त्यांची घरे वाढून वीसबावीस झाल्याचे मी पत्रव्यवहार करून काढले, तेव्हा कुटुंबाचा पहिला प्रश्न सुतकाचा होता. सात पिढ्यांच्या आतले सपिंड, त्यांचे दहा दिवस. चौदापर्यंतचे समानोदक, त्यांचे तीन. पुढे नुसती आंघोळ. मी बोटांवर मोजून ते समानोदकांत बसतात असे सांगितले. ‘म्हणजे बावीस घरांतलं कोणी गेलं की आपल्याकडे तीन दिवस,’ ती म्हणाली, ‘आणि लग्नसराई, नवरात्र, गौरी काही पाहायचं नाही. इतकी वर्षं ठाऊक नव्हतं तर सुखानं पुरण घालत होते मी!’ आत्याबाईंनीही तिचीच बाजू घेतली. तेव्हापासून त्या गावाहून येणारी पत्रे माझ्या हाती देण्याआधी कोपरा फाडलेला नाही ना, हे पाहण्यात येते.

वैशाखात मी राजापूर तालुक्यातील त्या गावी गेलो. एस.टी.ने फाट्यावर सोडल्यानंतर तांबड्या धुळीतून अर्धा कोस चालत गेल्यावर जांभ्याचा गडगा, त्याला लागून पोफळी आणि तिच्या सावलीत उतरत्या छपराचे घर दिसले. पंचा नेसलेले, सत्तरीच्या घरातील यजमान ओटीवर आडकित्त्याने सुपारी कातरीत बसले होते. मी नाव, गाव आणि येण्याचे प्रयोजन सांगितले. त्यांनी आडकित्ता खाली ठेवला आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

‘हां,’ ते म्हणाले, ‘म्हणजे हरलेल्यांपैकी. या, बसा. अहो, पाणी आणा, गूळ आणा. हरलेल्यांकडचे आलेत.’

मी पाणी पितो आहे तो त्यांनी माजघरातून पत्र्याची ट्रंक ओढत आणली आणि तिच्यातून एक रुमाल सोडला. हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याला येजितखत लिहून द्यावे आणि जिंकलेल्याने ते जपून ठेवावे, अशी त्या काळची रीत असल्यामुळे आमच्या पराभवाचा कागद त्यांच्या घरी असणे रास्तच होते. आणि तो त्यांनी आमच्या कागदापेक्षा कितीतरी बरा जपला होता. एक अक्षर पुसलेले नव्हते. त्यांनी तो वाचला नाही. डोळे मिटून म्हणून दाखवला. त्यांच्या लहानपणी परवच्याच्या शेवटी तो म्हणण्याचा प्रघात असावा असे वाटले.

गोत बसले, उभयतांचे करीने ऐकले, साक्षी जुळेनात. तेव्हा माझ्या पूर्वजाने मोठ्या तोऱ्यात रवा दिव्याची तयारी दाखवली. दिव्य म्हणजे कढईत तूप आणि तेल उकळावे, त्यात धातूचा रवा टाकावा, तो वादीने उघड्या हाताने काढावा, हाताला पिशवी बांधून मोहोर करावी आणि तिसऱ्या दिवशी हात पाहून खरेखोटे ठरवावे. ग्रामदेवतेच्या देवळापुढे चूल पेटली, कढई चढली, गाव जमले. ‘तेल कढो लागले,’ यजमानांचा आवाज येथे मुद्दाम खाली आला, ‘ते समयी धीर न झाला. सबब आपण खोटे, भाऊ खरे. फणसास आपणास व आपले वंशास काही संबंध नाही.’ खाली तारीख होती छ १० जमादिलाखर, सन तेच, इहिदे सितैन. मी मनातल्या मनात चांद्रमासाचा मेळ घातला. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ चा सूर्य मावळून दोन किंवा तीन दिवस झाले होते. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या त्या प्रसिद्ध हिशेबात आमचा मूळपुरुष खुर्द्यातही नव्हता. तो राजापूर तालुक्यात एका कढईपासून सुरक्षित अंतरावर उभा होता.

‘झाड बघायचंय?’ यजमानांनी विचारले.

झाड गडग्यावरच होते. बुंध्यापासून फांदीपर्यंत फणस लगडलेले आणि खालचे तर जमिनीला टेकलेले. ‘हे मूळचं नव्हे,’ ते म्हणाले. ‘मूळ झाड आमच्या पणज्यांच्या वेळच्या तुफानात पडलं. त्याची आठळी लावली ती माझ्या आजोबांनी. ते झाड वीज पडून गेलं. हे त्याचं. नातू म्हणा ना. कापाच आहे, बरका नव्हे, मूळचाही कापाच.’ माझ्या पणजोबांचे नाव काढावयास मला नाशिकपर्यंत जावे लागले, आणि येथे फणसाची वंशावळ तीन पिढ्या, जातीसह, उभ्या उभ्या तोंडपाठ होती.

परत ओटीवर आलो तो एक फणस चिरून केळीच्या पानावर मांडला होता. चीक लागू नये म्हणून यजमानांच्या सुनेने वाटीत खोबरेल आणून माझ्यापुढे धरले. मी वाटीकडे पाहत क्षणभर थांबलो असेन.

‘घाला, हात घाला,’ यजमान म्हणाले. ‘गार आहे.’

मी हात घातला. गरे केशरी आणि कोरडे, दातांखाली करकर वाजणारे, असे की पूर्वजाने एवढ्यासाठी कज्जा मांडला यात मला काही वावगे दिसेना. किंबहुना तेल थोडे निवेपर्यंत तो थांबला असता तर, असाही विचार दहाव्या गऱ्याच्या सुमारास मनात येऊन गेला. निघताना त्यांनी गोणपाटात बांधलेला एक सबंध फणस माझ्या हवाली केला, मी नको नको म्हणत तो घेतला, आणि पायरी उतरणार तोच त्यांनी मला थांबवून ट्रंकेवरचा एक कोरा कागद व टाक पुढे केला.

‘गैरसमज करून घेऊ नका,’ ते हसत म्हणाले, पण कागद मागे घेतला नाही. ‘पुढंमागं पोरं भांडायला नकोत. फणस भेट म्हणून मिळाला, तक्षीम म्हणून नव्हे, एवढं दोन ओळींत द्या लिहून. मोडीत आलं तर फारच बरं.’

मी मोडीत लिहून दिले. वडिलांचे आणि आजोबांचे नाव घातले, पणजोबांचे विनायक हेही घातले, आणि खाली सही केली. त्यांनी शाई वाळवली, कागदाची घडी येजितखतावर नीट बसते की नाही ते पाहिले, रुमालाला गाठ मारली आणि ट्रंकेचे झाकण लावले.